पुढच्या डिस्क तिसऱ्यांदा बदलायच्या का? ब्रेक दाबला की स्टिअरिंग थरथरतं (ठाणे)

मानपाडाकर | १२ सप्टेंबर, रात्री ९.५०

नमस्कार मंडळी. गाडी २०१६ ची पेट्रोल हॅचबॅक आहे. पुढे हवेशीर, म्हणजे मध्ये पोकळ फटी असलेल्या डिस्क आणि मागे ड्रम. राहायला मानपाडा, नोकरी महापे. रोज कापूरबावडी, कळवा-विटाव्याची गर्दी टाळायची म्हणून मुलुंड-ऐरोली पूल, मग ठाणे-बेलापूर रस्ता. जाऊन येऊन साधारण ३६ किमी होतात.

त्रास असा. ७० ते ९० च्या वेगात ब्रेक दाबला की स्टिअरिंग दोन्ही हातांत थरथरतं, पेडलही पायाखाली हलकं धडधडतं. ब्रेक सोडला की सगळं शांत. ४० च्या खाली जवळजवळ जाणवत नाही.

गेल्या वर्षी जुलैत ४१,२०० किमीला हेच झालं होतं. गॅरेजवाले म्हणाले, डिस्क वाकल्या. दोन्ही डिस्क आणि पॅड (ब्रेक दाबल्यावर डिस्कला दोन्हीकडून चिमटीत धरतात ते) बदलले. गाडी लोण्यासारखी थांबायला लागली. यंदा फेब्रुवारीत, ४७,००० च्या आसपास, थरथर परत आली. पुन्हा डिस्क, पुन्हा पॅड. या वेळी दुसरं गॅरेज, सुटे भाग कंपनीचेच, बिल ७,८०० रुपये. आता ५३,४०० झालेत आणि परत तेच.

मधल्या काळात व्हील बॅलन्सिंग आणि अलाइनमेंट दोनदा करून झालं. फरक शून्य.

गेल्या रविवारी आई-बाबांना घेऊन पुण्याहून येत होतो. खंडाळ्याच्या उतारावर एक ट्रेलर लेन बदलून आत आला, मी ब्रेक जोरात दाबला आणि स्टिअरिंग इतकं हललं की बाबांनी वरचं हँडल धरलं. ते काही बोलले नाहीत. खालापूरच्या टोलपाशी आल्यावर फक्त एवढंच म्हणाले, "ही गाडी नीट करून घे, नाहीतर मी एसटीने येत जाईन." तेव्हापासून मनाला चैन नाही.

प्रश्न साधा आहे. नवी डिस्क दर ६,००० किमीला वाकते, हे शक्य आहे का? मी घाटात रोज जात नाही, गाडी रेटत नाही. पुन्हा आठ हजार घालण्याआधी जाणकारांचं मत हवं आहे.

---

ऐरोलीकर | १२ सप्टेंबर, रात्री १०.३५

माझ्याकडेही असंच झालं होतं. मला सांगितलं गेलं की गरम डिस्कवर पावसाचं पाणी उडतं आणि ती वाकते. आपल्याकडे जून ते सप्टेंबर रस्त्यावर पाणीच पाणी, मग डिस्क कशा टिकणार? मी नंतर बाहेरच्या कंपनीच्या भोकं पाडलेल्या डिस्क टाकल्या. आवाज वाढला. थरथर वर्षभर नव्हती, मग गाडीच विकली.

---

घाटवाट | १२ सप्टेंबर, रात्री ११.१०

एक विचारतो. खालापूरच्या टोलला पोचल्यावर ब्रेक पेडल दाबून उभे होतात का?

घाट उतरताना डिस्क खूप तापतात. तशा तापलेल्या डिस्कवर पॅड एकाच जागी दाबून धरला की पॅडचा थर तेवढ्याच जागी चिकटतो आणि पॅडच्या आकाराचा ठसा उठतो. पुढे दर फेरीला तो ठसा पॅडखालून जातो आणि पकड कमी-जास्त होते. मी घाटात दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्ये इंजिनावर गाडी धरतो. खाली आल्यावर लगेच थांबायची वेळ आली तर पेडल सोडून हँडब्रेकवर उभा राहतो, कारण तुमच्यासारख्या गाडीत हँडब्रेक मागच्या ड्रमवर असतो. माळशेजला आठवड्याला जाणं होतं, डिस्क ७०,००० किमी चालल्या.

---

मानपाडाकर | १३ सप्टेंबर, सकाळी ७.२०

घाटवाट, पुण्याला वर्षातून चार-पाच वेळा जातो. टोलला पेडल दाबूनच उभा असतो, हे खरं. यापुढे लक्षात ठेवीन. पण फेब्रुवारीनंतर पुण्याला पहिल्यांदा गेलो तो परवाच, आणि थरथर जुलैपासून आहे.

---

जुना_फिटर | १३ सप्टेंबर, दुपारी २.१५

धागाकर्ते, तुमचा "शक्य आहे का" हा प्रश्न अगदी योग्य आहे. म्हणून सविस्तर लिहितो. वागळे इस्टेटमधल्या एका टूलरूममध्ये ३१ वर्षं काढली. डायल गेज (डोलणं मोजणारं) आणि मायक्रोमीटर (जाडी मोजणारं) हेच माझं रोजचं जेवण होतं.

डिस्क ओतीव लोखंडाची असते. ऐरोली-महापेच्या रहदारीत ती वाकत नाही. "डिस्क वाकली" असं आपण ज्याला म्हणतो ती बहुतेक वेळा जाडीतली तफावत असते. डिस्क एका जागी जाड आणि दुसऱ्या जागी पातळ झालेली असते. फरक किती, तर १५-२० मायक्रॉन (मिमीचा हजारावा भाग म्हणजे एक मायक्रॉन). आपला केस साधारण ७० मायक्रॉनचा, म्हणजे केसाच्या पावभर. एवढ्यानं स्टिअरिंग हलतं.

ही तफावत येते कुठून? तुमच्या कोड्याचं उत्तर इथेच आहे. समजा डिस्क हबवर, म्हणजे चाक आणि डिस्क ज्यावर बसतात त्या फिरत्या बैठकीवर, अगदी सरळ बसलेली नाही, किंचित तिरकी आहे. मग ती फिरताना डोलते. याला रनआउट म्हणतात. नवी असताना हे डोलणं तुम्हाला जाणवत नाही, कारण कॅलिपर (पॅड धरणारा सांगाडा) स्लाइड पिनवर, म्हणजे सरकत्या दांड्यांवर, तरंगता असतो, तोही डिस्कबरोबर इकडे-तिकडे सरकून घेतो. जाडी सगळीकडे सारखी असल्यामुळे पेडलला काही कळत नाही. म्हणून पहिले काही हजार किमी गाडी लोण्यासारखी थांबते.

पण ब्रेक न दाबता गाडी चालते तेव्हा काय होतं? डिस्कचा डोलणारा उंचवटा दर फेरीला पॅडला हलकेच घासून जातो. तुमच्या टायरचा घेर साधारण १.८ मीटर धरा. एका किलोमीटरला ५५० फेऱ्या, ६,००० किमीला ३३ लाख. ३३ लाख वेळा तीच जागा घासली तर ती पातळ होणारच. मग ब्रेक दाबल्यावर जाड-पातळ भाग पॅडखालून जातात, पॅडला दाबणारा पिस्टन मागे-पुढे ढकलला जातो आणि तेलाचा दाब हलतो. तीच तुमच्या पायाखालची धडधड.

म्हणजे दोनदा बदललेल्या डिस्क बहुधा चांगल्याच होत्या. त्या ज्यावर बसवल्या ती जागा कोणी बघितली का?

मला एवढं सांगा:
डिस्क बदलताना हबचा चेहरा घासून साफ केला होता का, तुमच्या डोळ्यांदेखत?
चाकाचे नट कशाने आवळतात, हवेच्या गनने की टॉर्क रेंचने (ठरलेल्या जोराइतकंच आवळू देणारा पाना)?
दोन्हीपैकी एखादं चाक जास्त तापतं का?
काढलेले जुने पॅड ठेवलेत का? आतला आणि बाहेरचा सारखाच झिजला होता का?

ऐरोलीकर, पाण्याबद्दल. धावत्या गाडीच्या डिस्कवर पावसाळाभर पाणी उडतच असतं, त्यानं डिस्क बिघडत असत्या तर कोकणात एकही गाडी नीट थांबली नसती. घाट उतरून आल्या आल्या वॉशिंग सेंटरला चाकावर प्रेशरचं गार पाणी मारणं मात्र टाळावं. आणि भोकांची डिस्क रोजच्या हॅचबॅकला काहीही देत नाही.

---

नेरूळ_सेक्टर | १३ सप्टेंबर, संध्याकाळी ६.४०

वाचतेय. काका, फार नीट समजावून सांगितलंत. माझीही शंका आहे, पण मानपाडाकरांचं आधी होऊ दे.

---

मानपाडाकर | १४ सप्टेंबर, रात्री १०.०५

काका, मनापासून आभार. आज सुट्टी होती, जमेल तेवढं शोधून काढलं.

हब साफ केल्याचं मला आठवत नाही. दुसऱ्या वेळी मी समोर उभा होतो. जुनी डिस्क हातोडीने ठोकून काढली, कारण ती हबला गंजाने धरली होती. कापडाने पुसलं आणि नवी चढवली, एवढंच.

नट गनने. टायरवाल्याकडेही गन, गॅरेजमध्येही गन. दर ५,००० किमीला टायर आलटून-पालटून लावतो, म्हणजे तेवढ्या वेळा चाक निघतं.

तापमानासाठी ऑफिसातल्या देखभाल विभागाची इन्फ्रारेड गन आणली होती. महाप्याहून मानपाड्याला आल्या आल्या मोजलं. डावी डिस्क १६८ अंश, उजवी १०४.

जुने पॅड डिकीत सापडले. डावीकडचा आतला पॅड ४ मिमी उरलाय, बाहेरचा ७ मिमी. उजवीकडचे दोन्ही साधारण ६.

हे बघून मलाच धक्का बसला. पॅड सात महिने डिकीत पडले होते आणि मी एकदाही नीट पाहिले नाहीत.

---

जुना_फिटर | १५ सप्टेंबर, सकाळी ८.३०

पॅड फेकले नाहीत हे फार चांगलं केलंत. त्यांनी अर्धं उत्तर दिलंय.

चकचकीत धातूवर इन्फ्रारेड गन खरं तापमान कमी दाखवते, त्यामुळे १६८ या आकड्याला महत्त्व देऊ नका. डाव्या-उजव्यातल्या फरकाला द्या. एकाच रस्त्यावरून आलेल्या दोन चाकांत ६० अंशांचा फरक म्हणजे डावा ब्रेक सुटतच नाहीये.

पिस्टनच्या बाजूचा, म्हणजे आतला पॅड जास्त झिजलाय. याचा अर्थ डाव्या कॅलिपरची स्लाइड पिन जाम आहे. कॅलिपर सरकत नाही, तेव्हा बाहेरचा पॅड नीट लागत नाही आणि आतला चिकटून राहतो. पिना अडकलेल्या असल्या की डिस्कचं डोलणंही कॅलिपर सामावून घेत नाही, म्हणून झीज आणखी वेगाने होते.

आणि हातोडीने काढावी लागलेली डिस्क म्हणजे हबवर गंजाचा पापुद्रा आहेच. खाडीकाठची हवा, पावसाळा, घोडबंदरवर साचलेलं पाणी. तिथे गंज धरतोच. त्या पापुद्र्यावर नवी डिस्क चढवणं म्हणजे ताटाखाली खडा ठेवून ताट समतल आहे म्हणणं.

तिसऱ्या डिस्क घेऊ नका. आधी मोजायचं. तुमची हरकत नसेल तर रविवारी गाडी घेऊन या. निवृत्तीनंतरही माझा डायल गेज आणि चुंबकी स्टँड घरीच आहे. पत्ता व्यक्तिगत निरोपात कळवतो. गाडी पूर्ण गार हवी, म्हणून सकाळी लवकर.

---

पारसिक_डोंगर | १५ सप्टेंबर, दुपारी १२.५०

काकांशी सहमत, फक्त एक वेगळी बाजू मांडतो. चाकाचं बेअरिंग ढिलं असलं तरी डिस्क अशीच डोलते, आणि मग हब कितीही घासा, उपयोग नाही. जॅकवर घेतल्यावर चाक वर-खाली धरून हलवून बघा. खडखड जाणवली तर आधी बेअरिंग. कळव्याच्या बाजूला खड्ड्यांनी माझी दोन बेअरिंगं गेली आहेत.

---

जुना_फिटर | १५ सप्टेंबर, दुपारी ३.००

पारसिक_डोंगर, बरोबर. बेअरिंग सगळ्यात आधी बघायचं. तेच ढिलं असेल तर पुढची सगळी मापं खोटी येतात.

---

मानपाडाकर | २१ सप्टेंबर, दुपारी ४.३०

आज सकाळी ७ वाजता काकांकडे पोचलो. दुपारी १ ला निघालो. काय काय झालं ते क्रमाने लिहितो, कारण ही माहिती मला दीड वर्षापूर्वी मिळाली असती तर पंधरा हजार वाचले असते, आणि बाबांना तसा प्रवास घडला नसता.

मागच्या चाकांना ठोकळे, पुढून जॅक, खाली दोन्हीकडे लोखंडी घोडी. नुसत्या जॅकवर काका हात घालू देत नाहीत. बेअरिंग हलवून पाहिलं, अजिबात खडखड नाही. डावं चाक काढलं. चाकाविना डिस्क हबवर घट्ट बसावी म्हणून वॉशर घालून चाकाचेच नट हाताने, मग टॉर्क रेंचने आवळले. डायल गेजचं टोक डिस्कच्या कडेपासून १० मिमी आत टेकवलं आणि हाताने हळूहळू एक फेरी फिरवली.

डाव्या डिस्कचं डोलणं ०.११ मिमी. उजव्या डिस्कचं ०.०४. काका म्हणाले, ०.०५ च्या आत असेल तर झोपावं, वर असेल तर शोधावं.

मग मायक्रोमीटर. डिस्कवर खडूने आठ खुणा केल्या आणि आठ ठिकाणी जाडी घेतली. डावीकडे सगळ्यात जाड आणि सगळ्यात पातळ जागेत २२ मायक्रॉनचा फरक. उजवीकडे ७. म्हणजे इतके महिने दोन्ही डिस्क बदलत होतो आणि दुखणं एकट्या डावीचं होतं.

आता मला सगळ्यात आवडलेला भाग. डोलण्याचा दोष डिस्कचा की हबचा, हे कसं ओळखायचं? डिस्कवर आणि हबच्या एका स्टडवर (चाकाचा नट ज्यावर बसतो तो बोल्ट) रंगाने खूण केली. सगळ्यात उंच जागा कोणत्या स्टडसमोर येते ते लिहून ठेवलं. मग डिस्क काढून एक भोक पुढे फिरवून परत बसवली आणि पुन्हा मोजलं. उंचवटा डिस्कबरोबर पुढे गेला असता तर डिस्क दोषी. तो जाग्यावरच, त्याच स्टडसमोर राहिला. दोषी हब.

डिस्क काढून हबच्या चेहऱ्यावर गेज लावला, तिथे ०.०६ आलं. हबचं माप मध्यापासून ६० मिमीवर, डिस्कचं ११० मिमीवर. अंतर वाढलं तसं डोलणंही त्याच पटीत वाढलं, ०.०६ चं ०.११ झालं. हिशेब जुळला तेव्हा काकांनी चष्मा काढून माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "सापडला." त्या एका शब्दाने जे वाटलं ते लिहून सांगता येणार नाही.

गंज कुठे होता? मधल्या सपाट जागेवर फार नव्हता. त्या एका स्टडच्या मुळाशी, गोल कड्यासारखा फुगलेला पापुद्रा होता. साधा वायर ब्रश तिथवर पोचत नाही. काकांनी पाइपच्या तुकड्याला एमरी पेपर चिकटवून स्टडभोवती बसेल असं अवजार स्वतः केलंय, ते फिरवून काढला. बाकी चेहरा लाकडी ठोकळ्यावर एमरी गुंडाळून, दाब सारखा ठेवून घासला. धातूच खरवडला जाईल इतकं घासायचं नाही, फक्त गंज निघेपर्यंत. डिस्कची आतली बैठकही तशीच साफ केली. मधल्या गोल उठावावर ग्रीसचा अगदी पुसट हात, सपाट चेहऱ्यावर काहीही नाही.

परत मोजलं. हब ०.०२. डिस्क ०.०३५.

मग कॅलिपर. तो काढल्यावर ब्रेकच्या नळीवर लटकू द्यायचा नाही, तारेने स्प्रिंगला बांधायचा, हे मी पहिल्यांदाच शिकलो. वरची पिन बोटाने सरकत होती. खालची निघेचना. निघाली तेव्हा तिच्यावर पिवळं, साधं चाकाच्या बेअरिंगचं ग्रीस होतं आणि रबराची टोपी फुगून पिनला गच्च धरून बसली होती.

---

जुना_फिटर | २१ सप्टेंबर, संध्याकाळी ७.१०

छान लिहिलंत. ग्रीसबद्दल थोडी भर घालतो, कारण ही चूक घरोघरी होते. खनिज तेलापासून बनलेलं ग्रीस ब्रेकच्या रबराला लागलं की रबर फुगतं. पिनेला ब्रेकसाठीचं सिलिकॉन किंवा कृत्रिम ग्रीसच लागतं. छोटी ट्यूब मिळते, वर्षानुवर्षं पुरते. फुगलेली टोपी मात्र बदलायलाच हवी, पुसून चालत नाही.

दुसरं, ब्रेकची भुकटी हवेच्या पाइपने उडवू नका. ती छातीत जाते. ओल्या फडक्याने पुसा किंवा ब्रेक क्लीनर मारा. कुठे काम करवून घेत असाल तर तिथल्या पोरालाही सांगा.

---

ऐरोलीकर | २१ सप्टेंबर, रात्री ८.४५

मग आता थरथर गेली का? डिस्क तीच ठेवली?

---

मानपाडाकर | २१ सप्टेंबर, रात्री ९.३०

ऐरोलीकर, आज लगेच जाणार नव्हतीच. हब साफ झालं तरी डिस्कमध्ये २२ मायक्रॉनची तफावत आधीच कोरली गेलीय. ती लेथवर, म्हणजे डिस्क फिरवत तिचा पातळ थर कापणाऱ्या यंत्रावर, काढावी लागेल. डिस्कच्या कडेला किमान जाडी कोरलेली असते, माझ्या डिस्कवर २० मिमी आहे. नवी २२ ची, आत्ता २१.७. म्हणजे वाव भरपूर आहे. उद्या काका त्यांच्या ओळखीच्या लेथवर नेणार आहेत.

---

पारसिक_डोंगर | २२ सप्टेंबर, सकाळी ९.१५

लेथवाल्याला एक अट जरूर घाला. दोन्ही चेहरे एकाच सेटिंगमध्ये घ्यायचे, डिस्क उलटी करून परत बांधायची नाही. उलटी केली की समांतरपणा गेला. कोपरखैरण्याला मी एकदा असंच करून घेतलं आणि होतं त्याहून वाईट झालं.

तसंच डिस्कवर निळसर-काळे डाग असतील तर टर्निंगवर, म्हणजे या लेथच्या कामावर, पैसे घालू नका. अति तापल्याने तिथलं लोखंड आतपर्यंत कडक झालेलं असतं. वरचा थर निघाला तरी कडक जागा कमी झिजते आणि काही हजार किमीत पुन्हा उंच येते.

---

मानपाडाकर | २४ सप्टेंबर, रात्री १०.४०

पारसिक_डोंगर, तुमची अट शब्दशः सांगितली. निळे डाग नव्हते. दोन्ही डिस्क लेथवर कापून घेतल्या, जाडी २१.४ आली, एका डिस्कचे ४०० रुपये. पॅडला एमरी मारून वरची चकाकी काढली. डाव्या कॅलिपरच्या रबरी टोप्या आणि पिना नव्या. ब्रेक ऑइल तीन वर्षांचं होतं, तेही बदललं.

नट आवळताना काकांनी मला रेंच दिला. चाक हवेत असताना समोरासमोरचे नट क्रमाने बेताचे आवळायचे, मग चाक जमिनीवर टेकवून त्याच क्रमाने पुस्तिकेत दिलेल्या टॉर्कपर्यंत. आधी उत्सुकता म्हणून उजव्या चाकाचे गनने आवळलेले नट तपासले होते. दोन नट पुस्तिकेतल्या आकड्याच्या दीडपटीलाही हलले नाहीत, एक मात्र निम्म्यावरच फिरला. डिस्क चाक आणि हब यांच्या मध्ये चेपलेली असते. नट असे कमी-जास्त असले की तीही एका अंगाने चेपली जाते.

पहाटे साडेपाचला पाम बीच रोडवर गेलो. मागे कोणी नाही हे आरशात बघून, ६० वरून २० वर, मध्यम दाबाने, पूर्ण न थांबता. असं दहा वेळा, मध्ये अर्धा-पाऊण मिनिट डिस्कला हवा लागू देत. नंतर दहा मिनिटं ब्रेक जवळजवळ न वापरता गाडी गार केली. पॅडचा थर डिस्कवर सगळीकडे सारखा बसावा यासाठी हे करायचं असतं. दोन्ही वेळा डिस्क बदलल्यावर मला हे कोणीच सांगितलं नव्हतं.

परतताना मुलुंड-ऐरोली पुलावर ८० वरून ब्रेक दाबला. हात स्टिअरिंगवर हलके ठेवले होते. काहीच झालं नाही. परत दाबला. काहीच नाही.

---

घाटवाट | २५ सप्टेंबर, सकाळी ६.५०

वा! मनापासून आनंद झाला. ब्रेक ऑइलबद्दल अनुमोदन. ते हवेतलं बाष्प शोषून घेतं आणि आपली हवा तर ओलीच. डॉट ३ या प्रकारच्या ब्रेक ऑइलचा उत्कलनबिंदू नवं असताना निदान २०५ अंश असतो, पाणी शोषल्यावर १४० पर्यंत येतो. डॉट ४ चा २३० वरून १५५. घाटात ऑइल उकळलं की पेडल खाली बसतं, आणि ते थरथरीपेक्षा फार भयंकर. दर दोन वर्षांनी बदला.

---

नेरूळ_सेक्टर | २५ सप्टेंबर, दुपारी १.३०

मानपाडाकर, अभिनंदन. काका, आता माझं विचारू?

मी घरून काम करते. गाडी आठवड्यातून एकदा निघते. खाडीच्या बाजूची सोसायटी, पार्किंग उघड्यावर. गाडी काढली की पहिल्या दोन-तीन ब्रेकना खरखर आणि हादरे, मग बंद होतात. पावसात चार-पाच दिवस उभी राहिली तर एकदा "टक्" असा आवाज होऊन चाक सुटलं. माझंही हबच का?

---

जुना_फिटर | २५ सप्टेंबर, रात्री ८.००

नाही ताई, तुमचं वेगळं आहे. ओतीव लोखंड ओल्या हवेत एका रात्रीत गंजतं. तो वरवरचा गंज पहिल्या काही ब्रेकना पॅड पुसून काढतो, तीच तुमची खरखर. "टक्" आवाज म्हणजे मागचे लायनर ड्रमला चिकटले होते. जास्त दिवस उभी ठेवताना सपाट जागा असेल तर हँडब्रेक न ओढता पहिल्या गिअरमध्ये ठेवा आणि चाकाला ठोकळा लावा. गाडी धुतली असेल तर लगेच उभी करू नका, सोसायटीला एक चक्कर मारून ब्रेक कोरडे करा.

मात्र डिस्कवर नखाला लागतील असे खड्डे पडले असतील, किंवा हादरे दहा-बारा ब्रेकनंतरही राहत असतील, तर दाखवा. आठवड्यातून निदान दोनदा गाडी बाहेर काढता आली तर डिस्कचं आयुष्य वाढेल.

---

नेरूळ_सेक्टर | २५ सप्टेंबर, रात्री ८.२५

खूप आभार काका. मला वाटलं होतं, दहा हजारांचा खर्च आला. खड्डे नाहीत, आत्ताच टॉर्च घेऊन बघून आले.

---

मानपाडाकर | १५ फेब्रुवारी, संध्याकाळी ६.१५

धागा वर आणतोय, कारण पुढे काय झालं ते सांगायचं राहिलं होतं.

५७,६०० किमी झाले, म्हणजे दुरुस्तीनंतर ४,२००. मागच्या दोन्ही वेळी एव्हाना पेडलमध्ये हलकी धडधड सुरू झालेली असायची. आज काकांकडे पुन्हा मोजलं. डाव्या डिस्कचं डोलणं ०.०३५, जसं होतं तसंच. जाडीतला फरक ६ मायक्रॉन. डाव्या-उजव्या तापमानात ८ अंशांचं अंतर. आतला-बाहेरचा पॅड सारखा झिजलाय.

टॉर्क रेंच विकत घेतला आणि डिकीत ठेवतो. टायरवाल्याला सांगितलंय, गन फक्त सोडायला, आवळायचं काम माझं. सुरुवातीला तो नाराज झाला, आता त्याचा मुलगा येऊन बघतो आणि आकडा विचारतो.

जानेवारीत आई-बाबांना पुण्याला नेऊन आणलं. उतरताना तिसऱ्या गिअरमध्ये होतो. खालापूरला गाडी थांबली तेव्हा पाहिलं, बाबा झोपले होते.

---

ऐरोलीकर | १५ फेब्रुवारी, रात्री ९.००

हे वाचून फार बरं वाटलं. विकलेल्या गाडीचं वाईट वाटतंय, पण ते जाऊ दे. नव्या गाडीला गेल्या महिन्यात टायरवाल्याने चारही चाकं गननेच आवळलीत. काका, रविवारी वेळ आहे का?

---

जुना_फिटर | १५ फेब्रुवारी, रात्री ९.२०

या. सकाळी ७ ला, गाडी गार असताना. पुस्तिका बरोबर आणा, टॉर्कचा आकडा त्यातला लागेल.